कढीपत्ता दर हिवाळ्यात बोडका होतो? आधी मुळांचं तापमान मोजा

जानेवारी लागला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. सगळे जवळपास सारखेच. खिडकीशी कुंडी, कुंडीत कमरेएवढी काठी, काठीला लोंबणाऱ्या चार पिवळट काड्या आणि खाली फरशीवर पानांचा सडा. सोबत प्रश्न असतो, "ताई, मेला का हा? उन्हाळ्यात डेकवर इतका छान झाला होता." कुणाचा हा दुसरा कढीपत्ता असतो, कुणाचा चौथा. दर वर्षी मेमध्ये नवं रोप आणायचं, सप्टेंबरपर्यंत हौसेने फोडणीत पानं टाकायची आणि संक्रांतीच्या सुमाराला काठी कचऱ्यात. हे चक्र मोडता येतं. त्यासाठी फार खर्च लागत नाही, पण नेमकं कुठं बिघडतंय ते आधी कळायला हवं.

मी अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहते. इथं ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा दव गोठतं आणि मेच्या मध्यापर्यंत त्याचा भरवसा नसतो. जानेवारीतलं रात्रीचं सरासरी तापमान उणे १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. २०१९ च्या जानेवारीअखेर ते उणे ३३ पर्यंत गेलं होतं. अशा ठिकाणी सांगलीच्या परसात वाढणारं झाड सांभाळायचं म्हणजे ते घरात घ्यावंच लागतं. माझे पहिले दोन कढीपत्ते गेले. दोन्ही वेळा पानं गळायला लागल्यावर मला वाटलं, घरातली हवा कोरडी आहे, झाड तहानलं असेल. म्हणून पाणी वाढवलं. मार्चमध्ये उपटून बघितलं तर मुळं काळी, मऊ, ओल्या पोत्यासारख्या कुबट वासाची. तिसरा कढीपत्ता अकरा हिवाळे काढून अजून उभा आहे. फरक पडला तो एका थर्मामीटरमुळे.

दही विरजताना दूध किती कोमट झालंय ते बघायला मी एक लांब काडीचा थर्मामीटर ठेवते. तिसऱ्या झाडाची पानं गळायला लागली त्या दिवशी दुपारी बाहेर लख्ख ऊन होतं. दक्षिणेच्या खिडकीतून ते थेट झाडावर पडत होतं आणि पानांना हात लावला तर ती चक्क गरम लागत होती. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ६८ फॅरनहाइट, म्हणजे २० अंश सेल्सिअस दाखवत होता. मग सहज तो विरजणाचा थर्मामीटर कुंडीतल्या मातीत चार बोटं खोल खुपसला. काटा उतरत उतरत ९ अंशांवर थांबला. वर ऊन खाणारी पानं आणि खाली फ्रिजमधल्या भाजीसारखी गारठलेली मुळं!

खरी गोम इथेच आहे. कढीपत्ता लिंबू-संत्र्याच्या कुळातला. या कुळातल्या झाडांची मुळं साधारण १३ अंशांच्या खाली पाणी ओढायचं काम जवळजवळ थांबवतात. पानांवर मात्र ऊन पडतंय, ती तापतायत, पाणी बाहेर टाकतायत. खालून पुरवठा बंद आणि वरून खर्च चालू. अशा वेळी झाड स्वतःला वाचवायला खर्च करणारी पानंच टाकून देतं. आपल्याला वाटतं तहानलंय, म्हणून आपण गार माती आणखी ओली करतो. जी मुळं पाणी पीतच नाहीत, ती त्यात बुडून राहतात आणि सडतात. पानं गळल्याने झाड मरत नाही. ते मरतं त्यानंतर आपण घाबरून घातलेल्या पाण्याने.

आधी बघा, झाड जिवंत आहे का

नखाने खोडाची साल हलकेच खरवडा. आधी शेंड्याजवळ, मग मध्ये, मग मातीलगत. खाली ओलसर हिरवं दिसलं तर तिथपर्यंत झाड जिवंत आहे. शेंडा तपकिरी आणि बुंधा हिरवा असेल तरी आशा पूर्ण आहे. कढीपत्ता बुंध्यातून आणि मुळांतूनही फुटतो. बुंधाच मऊ, काळा पडला असेल आणि दाबल्यावर बोट आत जात असेल तरच आशा सोडा. एकही पान नसलेलं झाड फेब्रुवारीत टाकून देऊ नका, एवढं मी हात जोडून सांगते. माझं स्वतःचं झाड एका वर्षी डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत नुसती काठी होती. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बुंध्यापासून दोन इंचांवर एक तांबूस-हिरवा डोळा दिसला, मोहरीच्या दाण्याएवढा. जूनमध्ये त्याच फांदीची पानं कढीत पडली.

पानं कशी गळतात त्यावरूनही बरंच कळतं. हात लागताच हिरवीगार पानं टपटप पडतायत, आठ-दहा दिवसांत झाड रिकामं होतंय आणि नुसत्या काड्या उरतायत, तर बहुतेक वेळा मुळं गारठलीत किंवा झाडाला जागाबदलाचा धक्का बसलाय. तळाची जुनी पानं महिनाभर सावकाश पिवळी होऊन पडतायत, शेंडा मात्र ताजा आहे, तर उजेड कमी पडतोय. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नवी पानं फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं, पण गार ओल्या मातीतून मुळांना ते घेता येत नाही. म्हणून अशा वेळी लगेच लोहाचं खत ओतू नका, आधी माती कोमट करा. पानं वरून ठिपक्याठिपक्यांची, धुरकट दिसत असतील किंवा चिकट लागत असतील, तर कीड आहे. तिच्याकडे पुढे येतेच.

कुंडी नेमकी कुठे आहे?

घरातल्या हवेचं तापमान विसरा. रात्री झोपण्यापूर्वी आणि पहाटे उठल्यावर, अशा दोन वेळा मातीत थर्मामीटर खुपसा. तीन-चार दिवस आकडे लिहून ठेवा. १५ च्या वर असेल तर मुळं ठीक आहेत. १३ च्या खाली जात असेल तर कारण सापडलं.

कुंडी गारठायची कारणं इथल्या घरांत ठरलेली असतात. पहिलं म्हणजे पडदा. रात्री आपण खिडकीचा पडदा ओढतो तेव्हा झाड पडदा आणि काच यांच्यामध्ये अडकतं. खोलीतली ऊब पडद्याच्या अलीकडे राहते आणि झाड रात्रभर काचेच्या गारव्यात. अकरा वर्षांत मी जितक्या जणांच्या घरी जाऊन बघितलं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी हेच होतं. पडदा झाडाच्या मागून, काचेला लागून ओढता येईल इतकी कुंडी आत सरकवा. दुसरं, कुंडी थेट फरशीवर किंवा सरकत्या काचेच्या दारापाशी असणं. दाराखालच्या फटीतून येणारी हवा जमिनीलगत वाहते आणि ती नेमकी कुंडीच्याच उंचीची असते. लाकडी पाट, जुनं स्टूल, अगदी थर्माकोलचा दीड-दोन इंचांचा तुकडा कुंडीखाली सरकवला तरी मातीत तीन-चार अंशांचा फरक पडतो. मी आजीचा जेवणाचा पाट वापरते.

तिसरं कारण याच्या उलट आहे. इथल्या बहुतेक घरांत फर्नेसची, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीची, गरम हवा सोडणारी जाळी नेमकी खिडकीखाली जमिनीत असते. कुंडी त्यावर किंवा शेजारी असेल तर खालून गरम कोरडा झोत आणि मागून गार काच, असा दुहेरी मार बसतो. जाळीवर हवा वळवणारं प्लास्टिकचं झाकण मिळतं, ते लावा किंवा कुंडी हलवा. नुसतं सरकवून भागत नसेल तर बियाणं रुजवायला वापरतात ती विजेवरची उबदार चटई कुंडीखाली ठेवा. मात्र थर्मोस्टॅट जोडलेली घ्या आणि १८-२० अंशांवर लावा. नुसती चालू ठेवली तर माती खालून भाजून निघते.

पाण्याचं तंत्र

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाण्याचं वेळापत्रक ठेवू नका. "दर रविवारी एक ग्लास" या सवयीने जितकी झाडं गेली असतील तितकी थंडीनेही नसतील. बोट मातीत दोन पेरं खोल घाला. तिथं ओल लागली तर पाणी नाही. कुंडी थोडी तिरकी करून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावा, आठवडाभरात हाताला कळायला लागतं. द्यायचं तेव्हा कोमट पाणी, खालच्या भोकातून वाहून जाईल इतकं, आणि अर्ध्या तासाने ताटलीत साचलेलं ओतून टाका. बोडक्या झाडाला तर पाणी जवळजवळ लागतच नाही, कारण ते खर्च करायला पानंच नाहीत. माझ्याकडे अशा झाडाला तीन-तीन आठवडे पाणी मिळत नाही.

पाणी कुठलं हाही प्रश्न आहे. घरात वॉटर सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, असेल तर त्या पाण्यात सोडियम असतं, ते कुंडीत साठत जातं आणि पानांची टोकं करपतात. सॉफ्टनरच्या आधीचा एखादा नळ बहुधा असतो, तो शोधा. आणखी एक फुकटचा उपाय दाराबाहेर पडलेला असतो, तो म्हणजे बर्फ. ताज्या पडलेल्या बर्फाची बादली भरून आत ठेवली की दुसऱ्या दिवशी तळाशी थोडंसं स्वच्छ, क्षार नसलेलं पाणी मिळतं. साधारण दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी होतं, त्यामुळे बादली गच्च भरा. पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावरच घाला. आणि बर्फ अंगणाच्या आतल्या बाजूचा घ्या. ड्राइव्हवे (गाडी आत आणायची वाट) किंवा रस्त्याकडेच्या बर्फात मीठ मिसळलेलं असतं.

आता ताकाबद्दल. आपल्याकडे कढीपत्त्याला आंबट ताक घालायची जुनी रीत आहे आणि ती मला मनापासून प्रिय आहे. उन्हाळ्यात डेकवर असताना मीही पाण्यासारखं पातळ करून महिन्यातून एकदा घालते. पण हिवाळ्यात घरातल्या कुंडीत ताक, तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, यातलं काहीही घालू नका. गार, ओल्या, अंधाऱ्या मातीत ते पचत नाही, नुसतं कुजतं. त्यावर बुरशी धरते आणि बुरशीवर चिलटं येतात. खतही नको. वाढ थांबलेल्या झाडाला खत म्हणजे तापात श्रीखंड-पुरी.

चिलटं घोंगावतायत

चहाच्या कपात बुडणारी, लॅपटॉपच्या पडद्यावर बसणारी बारीक काळी चिलटं फळांवरची नसतात, ती मातीतून येतात. त्यांच्या अळ्या वरच्या दीड-दोन इंच ओल्या मातीत बुरशी आणि कोवळी मुळं खाऊन वाढतात. अंड्यापासून चिलटापर्यंतचा फेरा तीन-चार आठवड्यांचा असतो, म्हणून आठ दिवस उपाय करून सोडून दिला तर पुन्हा येतात आणि लोक म्हणतात, काही उपयोग झाला नाही.

सगळ्यांत मोठा उपाय वरची माती खडखडीत कोरडी होऊ देणं. पिवळे चिकट कागद कुंडीत खोचा. त्याने उडणारी पकडली जातात आणि संख्या कमी होतेय की नाही तेही कळतं. अळ्यांसाठी इथं डासांच्या डबक्यात टाकायच्या वड्या मिळतात. त्यांत डासांच्या आणि चिलटांच्या अळ्या मारणारे जिवाणू असतात, माणसांना आणि घरातल्या कुत्र्या-मांजरांना त्यांचा त्रास नाही. वडीचा पाव तुकडा चार लिटर पाण्यात रात्रभर भिजवा आणि पुढची पाच-सहा आठवडे झाडाला जेव्हा पाणी लागेल तेव्हा तेच घाला. घरातल्या सगळ्या कुंड्यांना एकदम घाला. एक कुंडी सुटली की तिथून परत सुरू. मातीवर दालचिनीची पूड भुरभुरणं, लसणाचं पाणी, हे सगळं मी करून बघितलंय. घर छान दरवळतं, चिलटं राहतात.

उजेड की विश्रांती, एक काहीतरी ठरवा

२१ डिसेंबरला पुण्यात दिवस अकरा तासांचा असतो. मिनियापोलिसला पावणेनऊ तासांचा. दुपारी माथ्यावर येऊनही सूर्य इथं क्षितिजापासून जेमतेम २१-२२ अंश वर चढतो, पुण्यात त्याच दिवशी ४८ अंश. त्यात ढगाळ दिवसांची भर. खिडकीपासून चार फूट आत गेलात की आपल्या डोळ्यांना उजेड वाटतो, झाडाला तो संध्याकाळ असते.

यातून दोनच मार्ग निघतात. एक, झाडाला वाढतं ठेवायचं. त्यासाठी ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा हवा, पांढऱ्या उजेडाचा एलईडी चालतो, जांभळाच हवा असं काही नाही. शेंड्यापासून फूटभर वर, टायमर लावून रोज १२ ते १४ तास. खोली २० अंशांची, माती १८ च्या पुढे. असं झाड हिवाळाभर थोडीथोडी पानं देतं. दोन, झाडाला झोपवायचं. १२ ते १५ अंशांची खोली, बेसमेंटमधली खिडकी किंवा न तापवलेली पण न गोठणारी पडवी, थेट ऊन नको, पाणी अगदी कमी. पानं गळतील, गळू द्यायची.

दोन्ही रीती चालतात. झाडं मरतात ती दोन्ही अर्धवट केल्याने. वर कडक ऊन, खाली गार मुळं, मध्ये भरपूर पाणी, ही त्यातली सर्वांत वाईट अवस्था. आणि बहुतेकांच्या दिवाणखान्यात नकळत तीच असते. माझं मत विचाराल तर पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या लहान रोपाला दिवा लावा, कारण त्याच्या खोडात साठवण नसते. तीन वर्षांच्या वरचं, अंगठ्याएवढ्या जाड बुंध्याचं झाड निर्धास्त झोपवा.

कोरड्या हवेला उगाच सगळा दोष देऊ नये, पण तीही खरी आहे. उणे २० अंशांच्या हवेत दर घनमीटरला साधारण एकच ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम. बाहेरची ती हवा फटींतून आत येऊन तापली की वाफ तेवढीच राहते, त्यामुळे आर्द्रता पार तळाला जाते. आपल्या स्वयंपाकाची, अंघोळीची, श्वासाची वाफ मिसळूनही कडाक्याच्या दिवसांत घरात ती १५-२० टक्क्यांवर असते. पानांवर फवारलेलं पाणी दहा मिनिटांत उडून जातं, त्याचा उपयोग नाही. खडे आणि पाणी भरलेल्या ताटलीचाही फारसा नाही. झाडांच्या खोलीत ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र लावून ३५ टक्क्यांपर्यंत आणा. त्यापुढे नेऊ नका, काचांवर पाणी धरतं आणि चौकटी कुजतात. दारं बंद ठेवलेल्या छोट्या खोलीत चार-पाच कुंड्या एकत्र ठेवल्या तरी एकमेकींना आधार होतो.

कीड: दोनच, पण चिवट

कोरड्या उबदार हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही. पांढरा कागद पानांखाली धरून फांदीवर टिचकी मारा आणि कागदाकडे अर्धा मिनिट टक लावून बघा. धुळीच्या कणांसारखे ठिपके पडले आणि ते चालायला लागले, तर कोळी आहे. झाड उचलून बाथरूममध्ये न्या, मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि शॉवरच्या कोमट पाण्याने पानांची खालची बाजू धुवा. दर चार दिवसांनी, चार वेळा. चार वेळा म्हणजे पूर्ण चार वेळा, एकदाही कमी नाही, कारण पाणी फक्त चालणाऱ्या किड्यांना धुतं, अंडी पानाला चिकटून राहतात.

दुसरी खवले कीड. काड्यांवर आणि पानाच्या मधल्या शिरेलगत तपकिरी, डाळीच्या फोलपटासारखे फुगवटे दिसतात. झाडाचाच भाग वाटतात, नखाने ढकलले की सुटून येतात. जमीन किंवा खालची पानं चिकट लागत असतील तर वर नक्की बघा. कानकाडी ७० टक्क्यांच्या रबिंग अल्कोहोलमध्ये (जखम पुसायच्या स्पिरिटमध्ये) बुडवून एकेक खवला पुसून काढायचा. वेळ लागतो, पण मला त्यापेक्षा खात्रीचा उपाय मिळालेला नाही. दर आठवड्याला पुन्हा बघा, किमान सहा आठवडे. किडीने झाड फारच भरलं असेल तर सरळ पानं छाटून खोड पुसून घ्या आणि झाडाला झोपवा. कढीपत्ता खायचा असल्यामुळे मी घरात कुठलंही मुळांतून शोषलं जाणारं कीटकनाशक वापरत नाही आणि तुम्हीही वापरू नका. फुलझाडांसाठी विकतात ती औषधं पानांत महिनोन्महिने राहतात.

यातली जवळजवळ सगळी कीड सप्टेंबरमध्ये झाडाबरोबर घरात येते. रात्रीचं तापमान १० अंशांकडे झुकायला लागलं की, म्हणजे इथं सप्टेंबरच्या मध्यावर, झाड आत घ्या. गणपती विसर्जन झालं की कुंड्या आत, हा माझ्या घरचा नेम आहे. काही वर्षी तो आठवडा-दोन आठवडे पुढे-मागे होतो, तेव्हा हवामान बघते. आत आणण्याआधी आठवडाभर डेकवर सावलीत ठेवा, पानं दोन्ही बाजूंनी धुवा, कुंडीचा तळ उलटून मुंग्या-गोगलगाई बघा. आणि त्या वेळी मोठ्या कुंडीत हलवू नका. जादा माती हिवाळाभर ओली राहते.

तुळस आणि संक्रांतीची रोपं

तुळशीबद्दलही हाच फोन येतो, पण तिचं गणित वेगळं. ती १० अंशांखाली काळवंडते, आणि देवघराजवळ उजेड नसतो म्हणून आत आल्यावर लांबट, फिकट होते. तुळशीचं लग्न येतं कार्तिकात, नोव्हेंबरच्या आसपास, नेमकी तेव्हाच ती अखेरच्या घटका मोजत असते. मोठी तुळस वाचवायचा आटापिटा मी सोडला. ऑगस्टअखेर मंजिरी न आलेले चार-पाच कोवळे शेंडे खुडून पाण्यात ठेवते, दोन आठवड्यांत मुळं फुटतात, मग छोट्या कुंड्यांत लावून ग्रो लाइटखाली. लग्नाच्या दिवशी त्यातलीच एक हिरवीगार, टवटवीत रोपटी बाशिंग बांधून बसते. पूजेपुरती देवघरात, बाकी वेळ दिव्याखाली.

जानेवारीत उत्साहाने मिरची-वांग्याचं बी पेरू नका. इथं ती रोपं बाहेर लावायची वेळ मेअखेर येते. मार्चच्या मध्याला पेरलेली मिरची आणि मार्चअखेरचं वांगं पुरतं. आधी पेरली की ती खिडकीकडे माना टाकून लांब होतात, आणि दाट, ओल्या मातीत बुंध्याशी कुजून एका रात्रीत कोलमडतात. स्वच्छ नवं मिश्रण, खालून पाणी, वर दोन-तीन इंचांवर दिवा आणि एक छोटा पंखा, इतक्याने ते थांबतं. हिवाळ्यात हात शिवशिवत असतील तर दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनला मध्यावर कापून, तळाला भोकं पाडून, त्यात माती घालून शेपू, पालक, कोथिंबीर पेरा, टेपने कॅन पुन्हा बंद करा, झाकण उघडं ठेवा आणि सरळ बाहेर बर्फात ठेवून द्या. एप्रिलमध्ये आपोआप रुजतात.

रोप नवीन आणायचंच असेल तर

कढीपत्त्यावर येणारा एक बारीक किडा लिंबू-संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवतो. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांचं फार मोठं नुकसान झालं. म्हणून फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्निया इथून कढीपत्त्याची रोपं बाहेर पाठवण्यावर नियम आहेत. नातेवाइकांकडून गाडीत घालून रोप आणू नका, भारतातून येताना बॅगेत रोप किंवा पानं आणू नका. मी एकदा ऑनलाइन मागवलेलं रोप कीड-रोग नसल्याच्या कुठल्याही प्रमाणपत्राशिवाय, पानांवर खवल्यांसकट आलं होतं. ते टाकून द्यावं लागलं. प्रमाणपत्र देणाऱ्या नर्सरीतून घ्या, किंवा ओळखीच्या कुणाच्या गावातल्याच झाडाला मुळाशी फुटलेलं पिल्लू मागा. जूनमध्ये मुळासकट काढलेलं पिल्लू सहसा धरतं.

फेब्रुवारीअखेर दिवस अकरा तासांचा होतो, तेव्हा झाडाकडे पुन्हा लक्ष द्या. साल खरवडून हिरवं कुठपर्यंत आहे ते बघा आणि त्याच्या अर्धा इंच वर धारदार कात्रीने छाटा. माती १८ अंशांवर आणा, झोपवलेलं झाड उजेडात घ्या. डोळे फुगायला लागले की पाणी हळूहळू वाढवा, त्याआधी नाही. कुंडी बदलायची ती एप्रिलमध्ये, दोन इंचांनीच मोठी, मिश्रणात तिसरा हिस्सा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके खडे) घालून. पहिली चार पानं पूर्ण उघडल्यावर पातळ खत. नवी पानं आल्या आल्या खुडायचा मोह आवरा, किमान सहा काड्या भरू द्या. रात्री १० अंशांच्या वर राहायला लागल्या की, म्हणजे मेअखेर, बाहेर काढा, पण पहिले चार दिवस पूर्ण सावलीत, मग रोज एक-एक तास सकाळचं ऊन. घरात उमललेली पानं थेट उन्हात नेली तर दोन दिवसांत कागदासारखी पांढरी पडतात.